चीनचा कागद, चीनचा भात आणि आपण



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा मंडळाची पोरे घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, इतिहासावर काहीतरी लिहा." महाडचे तळे, नाशिकचा सत्याग्रह, नागपूरची दीक्षा यांवर माझ्यापेक्षा जाणत्या माणसांनी लिहिले आहे. मग मी काय लिहावे? विचार करता करता हातातल्या कोऱ्या कागदाकडेच लक्ष गेले आणि विषय सापडला.

आधी घरची एक गोष्ट सांगतो. माझे वडील मुंबईला गोदीत कामाला होते. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचे पत्र यायचे. आईला अक्षर येत नव्हते आणि मी अजून शाळेत जायचो नव्हतो. ते पत्र घेऊन आई गावातल्या एका घरी जायची. पडवीत नव्हे, पडवीच्या खाली अंगणात उभी राहायची. वरून कोणीतरी पत्र वाचून दाखवायचे, मोठ्याने. आमच्या घरात काय चालले आहे, वडिलांना बरे आहे की नाही, किती पैसे येणार आहेत, हे आमच्याआधी अख्ख्या वाडीला कळायचे. वाचणारा जे म्हणेल ते खरे. आई मान हलवायची आणि पत्र पदरात बांधून परत यायची.

पुढे शाळेत वाचले की कागद चीनमध्ये जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी तयार झाला आणि छपाईही तिथेच सुरू झाली. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची वस्तू माझ्या आईपर्यंत पोचायला एवढा वेळ का लागला? तर शोधाला स्वतःचे पाय नसतात. समाज त्याला उचलतो तेव्हा तो चालतो, आणि समाजाने दार लावले की तो उंबऱ्यावरच बसून राहतो. चीनच्या समाजात ज्ञान-विज्ञान कसे वाढले, कुठे अडले आणि पुन्हा कसे वाढले, हे बघितले की आपल्यालाही आपल्या घरचे बरेच कळते.

जुन्या जाळ्यांचा कागद

चीनमध्ये पूर्वी बांबूच्या पट्ट्यांवर नाहीतर रेशमी कापडावर लिहीत. बांबू जड, रेशीम महाग. इ.स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या राजदरबारातल्या अधिकाऱ्याने झाडाची साल, ताग-अंबाडीसारखे धागे, चिंध्या आणि मासे धरायची जुनी जाळी कुटून कागद करण्याची रीत बादशहापुढे मांडली. त्याच्याही आधीचे कागदाचे तुकडे जमिनीत सापडले आहेत, म्हणजे हा शोध एकट्याचा नव्हे. पण टाकाऊ मालातून स्वस्त कागद होतो, हे त्याच्यामुळे राज्यभर कळले.

त्याच सुमारास बुद्धाचा धम्म व्यापाऱ्यांच्या वाटांनी चीनमध्ये पोचत होता. भिक्खूंना ग्रंथ हवे होते. फाहियान इ.स. ३९९ मध्ये विनयाचे ग्रंथ शोधायला पायी निघाला. कुमारजीवाने इ.स. ४०१ नंतर चांगआन शहरात मोठ्या मंडळीला घेऊन अनुवादाचे काम केले. एक जण मूळ वाची, दुसरा चिनीत सांगे, तिसरा लिहून घेई आणि बाकीचे शंका विचारीत.

ह्युएन त्संग तर आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इ.स. ६४१ च्या सुमाराची ही गोष्ट. इथे दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने नोंदवले. शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू इथे होते, हेही त्यानेच लिहून ठेवले. डोंगरात कोरलेल्या ज्या भव्य विहाराचे वर्णन तो करतो तो अजिंठाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला आणि मरेपर्यंत अनुवाद करीत राहिला. विचार करा, आपल्या मातीत तेव्हा काय होते ते आज आपल्याला चिनी कागदावरून कळते!

विहाराने छपाई वाढवली

ग्रंथाची प्रत करणे हे पुण्याचे काम, अशी तिथल्या उपासकांची भावना होती. हाताने लिहून किती प्रती होणार? मग लाकडी ठशांची छपाई पुढे आली. रीत साधी आहे. पातळ कागदावर सुंदर अक्षरात पान लिहायचे. नासपतीसारख्या बारीक रेघेच्या लाकडाच्या फळीवर ते पालथे चिकटवायचे. अक्षर सोडून बाकीचे लाकूड कोरून काढायचे. उंच राहिलेल्या उलट्या अक्षरांवर शाई लावून वर कोरा कागद ठेवायचा आणि ब्रशने घासायचा. झाले पान! एका फळीतून हजारो प्रती निघतात.

जगातले तारीख असलेले सर्वांत जुने छापील पुस्तक कोणते माहीत आहे? ते बुद्धवचनाचे पुस्तक आहे. वज्रच्छेदिका सूत्राची ही गुंडाळी इ.स. ८६८ मध्ये छापली गेली आणि दुनहुआंग इथल्या गुंफेत सापडली. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइनने ती नेली, आज ती लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. लांबी सुमारे पाच मीटर. अनुवाद कुमारजीवाचाच. शेवटी लिहिले आहे की वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना फुकट वाटण्यासाठी हे करवून घेतले. राजा नाही, सरदार नाही. आईबापाच्या आठवणीसाठी सूत्र छापून वाटणारा एक उपासक. आपण नाही का पुण्यानुमोदनाला पुस्तके वाटत? अगदी तसेच.

पुढे इ.स. ९७१ ते ९८३ या काळात अख्खे त्रिपिटक छापण्यासाठी सुमारे १,३०,००० फळ्या कोरल्या गेल्या. त्यासाठी किती सुतार, किती कोरक्ये, किती कागद करणारे, किती शाई घोटणारे लागले असतील! विहाराच्या गरजेमुळे एवढ्या हातांना काम मिळाले आणि काम करता करता हुन्नर वाढत गेला. हा मुद्दा ध्यानात ठेवा. छपाई वाढायला शोधक एकटा पुरला नाही. वाचणारा, पैसे देणारा आणि कोरणारा, तिघेही लागले.

हात आणि लेखणी

इ.स. १०४० नंतरच्या दशकात बी शंग नावाच्या एका साध्या माणसाने पुढचे पाऊल टाकले. ओल्या मातीवर एकेक अक्षर कोरून भाजले आणि सुटे खिळे तयार केले. पान जुळवायचे, छापायचे, मोडायचे आणि पुन्हा जुळवायचे. युरोपात योहान गुटेनबर्गने धातूच्या खिळ्यांनी छापले ते याच्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी. बी शंग अधिकारी नव्हता, पंडित नव्हता. मग त्याचे नाव आपल्याला कसे माहीत? शेन कुओ नावाच्या एका विद्वान अधिकाऱ्याने कारागिराचे काम बारकाईने पाहिले आणि इ.स. १०८८ च्या सुमारास आपल्या ग्रंथात नावानिशी लिहून ठेवले. लोहचुंबकाची सुई दक्षिणोत्तर राहते पण किंचित कलते, हेही त्यानेच नोंदवले. जिथे लेखणीने हाताचा मान राखला, तिथे विज्ञान पुढे गेले.

आणि हे आपल्याकडे नव्हतेच असे समजू नका. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या एका सुताराने दार करून दिल्याचा लेख आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या विहारांत सुताराचे, सोनाराचे नाव दगडात कोरले जात होते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला २९ लेण्यांचा समूह आहे. ती खोदणाऱ्या हातांनी दगड, पाणी, उतार आणि प्रकाश यांचे गणित जुळवलेच असेल. पुढे विहार ओस पडले आणि जातीची कुंपणे घट्ट झाली. ज्यांच्या हातात हत्यार त्यांना अक्षर नाही, आणि ज्यांच्याकडे अक्षर ते हत्याराला शिवायचे नाहीत. जातिव्यवस्थेत नुसत्या कामाची वाटणी होत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी होते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. या वाटणीने आपल्या विज्ञानाचेही कंबरडे मोडले, असे मला वाटते.

हिशेब बघा. चीनमध्ये सूत्र छापले इ.स. ८६८ मध्ये. भारतात पहिला छापखाना आला १५५६ मध्ये, गोव्यात, पोर्तुगीज मिशनऱ्यांकडून. मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले १८३१ मध्ये. आणि बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला ३१ जानेवारी १९२० रोजी. वज्रच्छेदिका ते मूकनायक, अंतर १,०५२ वर्षांचे. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत ही पत्रे नुसती पत्रे नव्हती. बंद दाराला दिलेले ते धक्के होते.

पुढे चीन का अडला?

आता दुसरी बाजू. तांग राजवटीत ई-शिंग नावाच्या बौद्ध भिक्खूने इ.स. ७२४ मध्ये उत्तर-दक्षिण अनेक ठिकाणी सावल्या मोजवून पृथ्वीवरच्या अंतराचे गणित मांडले. त्याच दरबारात भारतीय वंशाचा गौतम सिद्ध हा ज्योतिषी होता. त्याने इ.स. ७१८ मध्ये भारतीय अंक आणि शून्याची खूण चिनी भाषेत आणली. पण तिथल्या पंडितांनी ती घेतली नाही, आपलीच जुनी रीत ठेवली. म्हणजे दार लावण्याची खोड त्यांनाही होती.

चीनमध्ये सरकारी नोकरीसाठी मोठी परीक्षा असे. ती जन्मावर नव्हे तर गुणावर, निदान नियमाने तरी. आपल्यापेक्षा कितीतरी बरे. पण तिच्यात वाढत्या प्रमाणात ठरावीक जुन्या ग्रंथांचेच पाठांतर चालले. हुशार मुलाचे आयुष्य त्यातच जाई. यंत्र, शेती, हिशेब हे खालच्या दर्जाचे मानले जाई. १४०५ ते १४३३ या काळात जंग ह याची प्रचंड गलबते कालिकतपर्यंत, आफ्रिकेपर्यंत गेली आणि मग दरबाराने त्या सफरी बंदच केल्या.

केंब्रिजचे जोसेफ नीडहॅम हे मुळात जीवरसायनाचे शास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते चीनमध्ये राहिले आणि १९५४ पासून चिनी विज्ञानाच्या इतिहासाचे खंड काढू लागले. त्यांनी विचारले, इतकी शतके पुढे असलेल्या चीनमध्ये आधुनिक विज्ञान का जन्मले नाही? उत्तरे अनेक दिली गेली, वाद अजून आहेत. मला त्यातले एक उत्तर जवळचे वाटते. तिथेही पुढे हात आणि डोके यांची फारकत झाली. आणि याची किंमत मोजावी लागली. १८३९ ते १८४२ च्या अफूच्या युद्धात वाफेच्या बोटींपुढे चीन हरला. त्या अफूच्या पेट्या आपल्या मुंबई बंदरातूनही जात होत्या, ही आपल्यालाही खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे. शेवटी १९०५ मध्ये ती जुनी परीक्षा बंद झाली आणि १९१९ च्या चळवळीत चिनी तरुण म्हणू लागले, देशाला दोन गुरुजी हवेत, एक विज्ञान आणि दुसरा लोकशाही.

सोलापूरचे डॉक्टर

१९३८ साली जपानने चीनवर हल्ला केलेला असताना भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात दोघे महाराष्ट्रातले, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस १९१० चे, मुंबईच्या गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. इतर परत आले, ते राहिले. खेड्यापाड्यांत, औषधांच्या टंचाईत, जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले. चिनी भाषा शिकून त्या भाषेत त्यांनी शेतकऱ्यांच्या पोरांना वैद्यक शिकवले. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिन्हुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, तो जुन्या लोकांना आठवत असेल.

कोटणीसांनी काही नवा शोध लावला नाही. पण परक्या मुलखातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या पोरांना त्यांच्याच भाषेत शिकवता येते, हे त्यांनी करून दाखवले. विज्ञान समाजात उतरते ते असे.

प्रश्न विचारायची मुभा

तरीही नुसते खेड्यात गेले म्हणजे विज्ञान होत नाही, हेही चीननेच दाखवले. १९५८ मध्ये माओंच्या राजवटीने 'मोठी झेप' जाहीर केली. घरोघरच्या भट्ट्यांत भांडीकुंडी वितळवून पोलाद करायला निघाले. निघाले ते निकामी लोखंड. चिमण्या दाणे खातात म्हणून देशभर चिमण्या मारल्या, मग किडींना रान मोकळे झाले. पीक कमी येत होते, पण वर जास्तीचे आकडे कळवले जात होते. खरे बोलण्याची कोणाची छाती नव्हती. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात किती माणसे मेली? अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. 'हे खरे कशावरून?' हा एक प्रश्न विचारता येत नव्हता, त्याची ही किंमत. पुढे १९६६ पासून दहा वर्षे शास्त्रज्ञांना, शिक्षकांना छळले गेले. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा बंद पडली ती १९७७ च्या हिवाळ्यात परत सुरू झाली. त्या वर्षी सुमारे ५७ लाख मुले बसली आणि पावणेतीन लाखांच्या आसपास निवडली गेली. कितीतरी जण शेतातून थेट परीक्षेला आले होते.

त्याच अंधाऱ्या दहा वर्षांतली एक उजेडाची गोष्ट सांगतो. हिवतापावर औषध शोधायचे काम १९६९ मध्ये तू योयो या बाईंकडे आले. डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही. त्यांनी जुन्या वैद्यांचे दोन हजारांवर उपाय धुंडाळले. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या पुस्तकात एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घ्या, असे होते. उकळा असे नव्हते! उष्णतेने गुण जात असेल, हे त्यांच्या ध्यानात आले. १९७१ मध्ये कमी तापमानाला काढलेला अर्क प्राण्यांवर लागू पडला. मग माणसांना देण्याआधी त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्या औषधाने जगभर लाखो जीव वाचवले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या ग्रंथाने सुगावा दिला, पण निकाल दिला प्रयोगाने. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले ते याहून वेगळे काय आहे?

सह्याद्री भाताची आई

शेवटची गोष्ट आपल्या मळ्यातली. भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून दोन जातींचा संकर करणे फार कठीण. त्यासाठी ज्याचा पराग वांझ आहे असे रोप हवे. युआन लाँगपिंग हे शेतीशाळेतले शिक्षक असे रोप वर्षानुवर्षे शोधत होते. १९७० मध्ये हैनान बेटावर त्यांचा सहकारी आणि तिथल्या शेतावरचा एक कर्मचारी, दोघांना पाणथळीत रानभाताचे तसे रोप सापडले. त्यावरून १९७३ पर्यंत संकरित भात तयार झाला.

त्या रोपाचा वंश पुढे फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेला. आणि १९९८ मध्ये आपल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्राने 'सह्याद्री' हा संकरित भात दिला, त्याच्या मादी वाणात तोच वंश आहे. नाव सह्याद्री, पण आईकडचे गोत हैनानच्या रानातले! संकरित बियाणे दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते, ही त्याची अडचण आहेच, ती लपवायची नाही. पण विद्यापीठातले डोके आणि चिखलात उभा राहणारा माणूस एकत्र आला तेव्हा काय होते, ते यातून दिसते.

आपण काय करायचे?

आपल्या विहाराकडे वळू. हातही आपल्याकडे आहेत आणि आता अक्षरही आहे. आपल्यात गवंडी आहेत, वायरमन आहेत, नर्स आहेत, शिक्षक आहेत, शेती करणारे आहेत. वंदनेनंतर महिन्यातून एक रविवार असा ठेवा की वायरमनदादाने पोरांना मीटर उघडून दाखवावा, नर्सताईने थेंबभर रक्तात हिवताप कसा दिसतो ते सांगावे, शेतकरी काकांनी बियाणे कसे पारखावे ते शिकवावे. ताप आला तर आधी रक्त तपासू, अंगारा नको. पोराने "कशावरून?" विचारले तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर "चल, दोघे मिळून बघू" म्हणा.

आणि मंडळाला एक विनंती. या स्मरणिकेत देणगीदारांची यादी येईल, ती यायलाच हवी. पण तिच्याशेजारी हा विहार बांधणाऱ्या गवंड्याचे, सुताराचे आणि पाटी वाहणाऱ्या बायांचे नावही छापा. कार्ल्याच्या लेण्यात सुताराचे नाव आहे. आपल्या विहारात का नसावे?

माझी आई आता नाही. शेवटच्या वर्षांत ती नातीकडून अक्षरे गिरवायला शिकली होती. एकदा तिने वडिलांचे एक जुने पत्र ट्रंकेतून काढले आणि बोट ठेवून ठेवून, अडखळत, स्वतः वाचले. वाचून झाल्यावर कितीतरी वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांनी माझी तब्येत विचारली होती रे. ते कोणी कधी वाचून दाखवलंच नाही."

ज्ञान दुसऱ्याच्या पडवीवरून ऐकायचे दिवस संपले. आता आपले वाचायचे आपण, पारखायचेही आपण.

नमो बुद्धाय. जय भीम.